फैजपूरला गेलेली काडतुसं

नूर महंमद मिस्तरींनी आयुष्यात कधी शिकार केली नाही. बंदुका त्यांच्या हातून शेकड्यांनी गेल्या, पण त्या सगळ्या दुरुस्तीसाठी आलेल्या. पोलिसांच्या शस्त्रागारात ते लोहार म्हणून लागले तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि निवृत्त झाले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. घरी बसून राहणं त्यांना जमेना. मग धुळ्याच्या आग्रा रोडवर भिकमचंद शेठचं बंदुकांचं परवान्याचं दुकान होतं, तिथे ते जाऊ लागले.

दुकानाच्या पुढच्या भागात कुलपं, तिजोऱ्या, गॅसबत्त्या. मागच्या खोलीत बंदुकांची दुरुस्ती आणि काडतुसं भरण्याचं काम. भिकमचंद शेठ जैन. वडिलांच्या भागीदाराकडून हा धंदा त्यांच्या गळ्यात आला होता आणि सरकारी परवाना असा होता की सोडला तर पुन्हा मिळणं कठीण. ते मागच्या खोलीत कधी येत नसत. दारातूनच विचारत, "मिस्तरी, झालं का?" आणि परत गादीवर जाऊन बसत. त्यांची आई, धापूबाई, त्या दुकानाची पायरी कधी चढल्या नाहीत.

बासष्टच्या लढाईनंतर विलायती काडतुसं येणं जवळजवळ बंद झालं. ज्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर होतं ते वाजवलेल्या काडतुसांची पितळी कवचं जपून ठेवू लागले. ती कवचं मिस्तरींकडे यायची. मिस्तरी ती उकळत्या पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, भिंगातून एकेक बघायचे आणि ज्याला केसाएवढी चीर दिसेल ते बाजूला टाकायचे. उरलेल्यांना बुडात ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी.

गिऱ्हाईक आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "आधी हत्यार दाखवा. दारूचं मग बोलू."

दुकानात दारू दोन तऱ्हेची असायची. एक काळी, जुन्या काळापासून चालत आलेली. तिचा धूर फार, वास उग्र, आणि वाजवल्यावर हत्यार धुतलं नाही तर ते गंजून जायचं. दुसरी बिनधुराची. सगळे तिला पांढरी म्हणत, खरं तर ती राखाडी चकत्यांसारखी दिसे. थोडीशी पुरते, धूर नाही, जोर दांडगा. पण त्या पांढरीतही जाती होत्या. लांब नळीच्या बंदुकीला चालणारी वेगळी, पिस्तुलाला चालणारी वेगळी, आणि डब्यावरचं लेबल निघून गेलं तर नुसतं बघून दोन्ही सारख्याच. पिस्तुलाची खरी पांढरी दारू त्या वर्षांत मिळतच नव्हती. दुकानात होती ती बारा बोअरच्या बंदुकीची.

"काळी दारू गोळीला ढकलते," मिस्तरी सांगत. "ही पांढरी तिच्या पाठीत लाथ घालते. जुन्या हत्याराला ती लाथ सोसत नाही."

म्हणून पिस्तूल-रिव्हॉल्वरची काडतुसं ते काळ्या दारूनेच भरत. जोर कमी पडतो अशी कुरकूर व्हायची. ते ऐकून घ्यायचे आणि काळीच भरायचे.

त्यांच्या हाताखाली त्यांचा मुलगा खाजा काम करायचा. वय पंचवीस-सव्वीस, लग्न ठरलेलं, हात हुशार. जळगावची शहजादी नावाची मुलगी त्याच्यासाठी बघून ठेवलेली होती. वडिलांचं सगळं कौशल्य त्याच्यात उतरलं होतं, पण वडिलांचा संथपणा त्याला सोसत नसे. शहरात नवा रायफल क्लब निघाला होता, तिथले लोक बोलायचे की बाहेरच्या देशांत आता कुणी काळ्या दारूला हात लावत नाही. खाजा ते घरी येऊन सांगायचा.

"तिथली हत्यारंही नवी आहेत," मिस्तरी म्हणायचे. तेवढ्यावर विषय संपायचा. निदान मिस्तरींना तसं वाटायचं.

शिंदखेड्याकडचे चुडामण पाटील दुकानात आले ते सहासष्टच्या उन्हाळ्यात. मजबूत हाडाचा पन्नाशीचा शेतकरी, पण डोळ्यांखाली काळं पडलेलं. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं रिव्हॉल्वर काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मळ्यावर दरोडा पडला होता. धाकटा भाऊ खळ्यात झोपलेला. आरडाओरड ऐकून चुडामणभाऊ रिव्हॉल्वर घेऊन धावले. काडतुसं बापाच्या वेळची, पेटीत पडून ओल धरलेली.

"घोडा दाबा, दाबा, एकबी काडतूस वाजनं नही," चुडामणभाऊ म्हणाले. "मना भाऊ मना डोयासमोर गया, मिस्तरी."

खाजाने हातातली कानस खाली ठेवली.

"माले जोरनी दारू पाहिजे," चुडामणभाऊ म्हणाले. "वाजली का समोरचा उठाले नको."

मिस्तरींनी रिव्हॉल्वर उचललं. सहा घरांची चक्री अंगठ्याने हळूच हलवली. ती जागच्या जागी खडखडली. नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग बोटाचं नख चक्री आणि नळीच्या मधल्या फटीत घातलं. नख सहज आत गेलं.

"चुडामणभाऊ, हे हत्यार तुमच्या वडिलांच्याही आधीचं आहे," ते म्हणाले. "काळ्या दारूच्या जमान्यात घडवलेलं. याला जोराची दारू घातली तर समोरच्याचं काय व्हायचं ते होवो, पहिला मार तुमच्या हाताला बसेल."

"मंग काय करू? असंच मरू?"

"मी भरून देतो. वाजतील. प्रत्येक वाजेल, ही जबाबदारी माझी. पण काळी दारू. आणि सरकारात अर्ज करून नवं हत्यार घ्या. हे आता भिंतीवर टांगायचं."

चुडामणभाऊंनी मान हलवली, ती होकाराची की निराशेची ते कळलं नाही. मिस्तरींनी काडतुसं भरून दिली.

थोड्याच दिवसांनी चुडामणभाऊ परत आले. त्यांनी मळ्यात कडुलिंबाच्या जाड फळीवर नेम धरून पाहिलं होतं. सगळी काडतुसं वाजली. पण गोळी फळीतून आरपार गेली नाही, अर्ध्यात रुतून बसली. ती फळी ते सोबत घेऊन आले होते. फळीत शिशाचा काळा ठिपका चमकत होता.

मिस्तरी त्या आठवड्यात मालेगावला भाचीच्या लग्नाला गेले होते. खोलीत खाजा एकटा होता.

पुढे काय झालं ते कोर्टात दोघांनीही सांगितलं आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. चुडामणभाऊंनी फळी दाखवली. म्हणाले, घरात बायका-मुलं आहेत, बायको सुनंदा आता खळ्याकडे बघतसुद्धा नाही, दिवेलागण झाली की दाराला आतून कडी घालून बसते. हे बोलता बोलता तो एवढा थोराड माणूस रडायला लागला. खाजाने त्यांना पाणी दिलं. मग कपाटातून बारा बोअरच्या पांढऱ्या दारूचा डबा काढला. त्याने आपल्या अंदाजाने ती अगदी थोडी घातली. इतकी थोडी घातली तर काही होणार नाही, असं त्याला वाटलं. उलट अब्बांचा हट्ट मोडून आपण एका दुःखी माणसाला धीर दिला, याचा त्याला आनंद झाला होता. त्याने कोर्टात हाच शब्द वापरला : आनंद.

चुडामणभाऊंनी घरी जाऊन त्यातलं पहिलं काडतूस वाजवलं. गोळी फळी फोडून मागच्या बांधात घुसली. त्यांनी सुनंदाबाईंना हाक मारून ती फळी दाखवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं दिसलं, असं सुनंदाबाई नंतर सांगत. मग त्यांनी दुसरं वाजवलं.

चक्री फुटली. वरची पट्टी उडून गेली. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि गालात पोलादाचा तुकडा शिरला. डोळा वाचला तो नशिबाने.

मालेगावहून परत आल्या दिवशीच मिस्तरींना ठाण्यात बोलावणं आलं. फौजदारांनी एका कागदावर ठेवलेले तुकडे त्यांच्यापुढे सरकवले. फौजदार त्यांना जुन्या ओळखीचे होते, नोकरीतल्या दिवसांपासूनचे. आवाज चढवून बोलले नाहीत.

"मिस्तरी, परवाना शेठचा, पण काडतुसं भरणारे तुम्ही. ही तुम्हीच भरली ना?"

मिस्तरींनी फाटलेलं पितळी कवच उचललं आणि खिडकीशी नेलं. काळी दारू जळाली की आत काजळीचा जाड थर राहतो, बोट लावलं तर बोट काळं होतं. हे कवच आतून जवळजवळ स्वच्छ होतं. त्यांनी नाकाशी धरलं. काळ्या दारूचा सडक्या अंड्यासारखा वास नव्हता.

त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी तुकडा जागेवर ठेवला.

"साहेब, उत्तर देतो. पण आधी मला एकदा दुकानात आणि घरी जाऊन येऊ द्या."

फौजदार त्यांच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "जा. पण लवकर या. खोलीला सील लागायचं आहे."

दुकानात शेठ गादीवर हात जोडल्यासारखे बसले होते. मिस्तरी सरळ मागे गेले. बंदुकीच्या पांढऱ्या दारूचा डबा उचलला. तो हाताला हलका लागला. मग त्या मापाच्या रिकाम्या कवचांचा डबा उघडला. चुडामणभाऊंना जेवढी काडतुसं दिली होती त्याहून कितीतरी जास्त कवचं कमी झाली होती. म्हणजे तशी काडतुसं आणखी कुठेतरी गेली होती.

घरी खाजा ओट्यावर बसून होता. शिंदखेड्याची बातमी त्याला कळली होती. त्याचे ओठ सुकले होते.

"खाजा, पांढरी दारू तू भरलीस?"

"नाही, अब्बा."

"चुडामणभाऊंशिवाय आणखी कुणाला दिलीस?"

"नाही म्हणतो ना! मी काही भरलं नाही. तुम्ही भरलेल्यातच काही चुकलं असेल."

आतून अमिनाबी आल्या. मिस्तरींची बायको. फार बोलणारी बाई नव्हती, पण घर तिच्या शब्दावर चालायचं. तिने दोघांकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"तुम्ही म्हातारे आहात," ती नवऱ्याला म्हणाली. "सरकारात नोकरी केलीय. तुम्ही म्हणालात की माझ्या हातून चूक झाली, तर तुम्हाला कोण काय करणार? पोराचं लग्न ठरलंय. त्याचा जन्म जायचाय."

"अमिना, काडतुसं आणखी कुठेतरी गेली आहेत. तशीच. कुणाच्या तरी घरात आहेत."

"तो म्हणतो ना नाही गेली."

"तो खोटं बोलतोय."

खाजा उठून आत निघून गेला. मिस्तरी त्याच्या मागे गेले. बंद दाराशी उभं राहून म्हणाले, "बेटा, नाव सांग. कुणाकडे आहेत तेवढं सांग. बाकीचं मी माझ्या अंगावर घेतो. खुदाची शपथ, घेतो."

आतून उत्तर आलं नाही. ते बराच वेळ उभे राहिले. दुपारची अजान झाली. मिस्तरींनी वहाणा घातल्या.

"तुम्ही ठाण्यात जाऊन माझ्या पोराचं नाव घेतलंत," अमिनाबी म्हणाल्या, "तर माझं-तुमचं बोलणं संपलं."

मिस्तरी गेले. ठाण्यात त्यांनी सांगितलं की ही दारू आपली नाही, ही आपला मुलगा खाजा नूर महंमद याने भरली असावी, आणि अशीच काडतुसं आणखी कुणाकडे तरी गेलेली आहेत. ती कुणाकडे आहेत ते त्यालाच माहीत आहे. आधी ती परत आणा, मग जो काही गुन्हा लावायचा तो लावा.

फौजदारांनी विचारलं, "पुन्हा एकदा विचार करून सांगता?"

"विचार करूनच आलो, साहेब."

पोलीस घरी आले तेव्हा खाजा एक शब्दही वाकडा बोलला नाही. ठाण्यात वडिलांना बाकावर बसलेलं पाहिलं आणि तो ढसाढसा रडू लागला. त्याने नाव सांगितलं. फैजपूरचे अभिमन पाटील. केळीचे मोठे बागायतदार. कामासाठी धुळ्याला आले असताना दुकानात डोकावले होते. त्यांच्याकडेही तसंच जुनं रिव्हॉल्वर होतं आणि जोराची काडतुसं आहेत म्हटल्यावर त्यांनी मागून घेतली.

पोलिसांची जीप त्याच दुपारी फैजपूरला निघाली. ती पोहोचली तेव्हा दिवस मावळला होता आणि अभिमन पाटील जेवायला बसले होते. त्यांनी हात धुतला आणि कपाट उघडून दिलं. काडतुसं रिव्हॉल्वरच्या सहाही घरांत भरून ठेवलेली होती. केळीच्या बागेत रानडुकरं येत होती आणि त्याच रात्री जेवण झाल्यावर ते रिव्हॉल्वर घेऊन बागेत जाणार होते.

खाजाला काही महिन्यांची कैद झाली. चुडामणभाऊ पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून साक्षीला आले होते. "मीच मांगी व्हती," असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यामुळे शिक्षा कमी झाली असावी. शेठचा काडतुसं भरण्याचा परवाना गेला. शेठ मिस्तरींना एक वाईट शब्द बोलले नाहीत. मागच्या खोलीतल्या वस्तू पोलिसांनी नेल्या त्या दिवशी ते पहिल्यांदाच तिथे आत आले, रिकाम्या भिंतींकडे बघितलं आणि म्हणाले, "बाईजींना बरं वाटेल." बाईजी म्हणजे त्यांची आई.

मिस्तरी घरी बसले. खरे हाल आता सुरू झाले. अमिनाबींनी शब्द पाळला. सकाळी पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या, वेळेवर भाकरी-कालवण वाढायच्या, त्यांचे कपडे धुऊन दोरीवर घालायच्या, आणि बोलायच्या नाहीत. काही सांगायचंच असेल तर शेजारच्या बेबाबाईंना मोठ्याने सांगायच्या, मिस्तरींनी ते ऐकायचं. मोहल्ल्यात काही जण म्हणत, बाप असावा तर असा. काही म्हणत, असला बाप दुश्मनालाही मिळू नये. मिस्तरींच्या कानावर दोन्ही येई. ते पांझरेच्या काठाला जाऊन बसत आणि अंधार पडायच्या आत घरी येत.

खाजा सुटला तेव्हा त्याला आणायला ते तुरुंगाच्या फाटकाशी गेले होते. त्याने त्यांना पाहिलं. सलाम केला. मग म्हणाला, "अम्मीला सांगा, मी बरा आहे," आणि स्टँडच्या दिशेने चालू लागला. जळगावला गेला. शहजादीच्या घरच्यांनी लग्न मोडलं नाही, हे त्यांचे उपकार. निकाह जळगावातच झाला. अमिनाबी भावाला घेऊन गेल्या. मिस्तरींना निरोप आला नव्हता, म्हणून ते गेले नाहीत.

त्या वर्षाच्या शेवटी एक दिवस चुडामणभाऊ ज्वारीची गोणी बैलगाडीतून उतरवून ओट्यावर येऊन बसले. उजवा हात त्यांनी उपरण्याखाली झाकून घेतला होता.

"तुम्ही माले सांगेल व्हतं," चुडामणभाऊ म्हणाले. "मी ऐकं नही."

"तुमचं दुःख मोठं होतं."

"मना बोटं गयात," चुडामणभाऊ म्हणाले, "तुमना पोर गया." मग त्यांनी अगदी हळू विचारलं, मिस्तरी, तुम्ही स्वतःवर घेतलं असतं तर चाललं नसतं का? मी काही बोललो नसतो.

"नाव कळत नव्हतं, चुडामणभाऊ. मी स्वतःवर घेतलं असतं तर मग मला विचारलं असतं, दुसरी कुणाला दिली? मी काय सांगणार होतो? तोवर फैजपूरला त्यांचं रिव्हॉल्वर वाजलं असतं."

दाराआड अमिनाबी उभ्या होत्या. त्यांनी चुडामणभाऊंसाठी चहा पाठवला. मिस्तरींसाठीही पाठवला. बोलल्या मात्र नाहीत.

वर्षं गेली. खाजाने जळगावात पिंप्राळ्याला एका पंप दुरुस्तीच्या कारखान्यात काम धरलं. हात हुशार होताच. पुढे मालक त्याला लांबलांबच्या शेतांवर पाठवू लागला. तो आईला बोलावून घ्यायचा, ती जाऊन यायची, नातवाला खेळवून यायची. परत आल्यावर ती नातवाबद्दल बेबाबाईंना सांगायची : त्याचं नाक आजोबांसारखं आहे, तो अजून नीट चालत नाही पण पळतो. मिस्तरी आतल्या खोलीत बसून ऐकायचे.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात एका दुपारी दारात रिक्षा थांबली. खाजा उतरला. मागे शहजादी आणि तिच्या कडेवर मुलगा. मिस्तरी ओट्यावर होते. त्यांनी सरकून शेजारची जागा मोकळी केली.

खाजा त्यांच्या शेजारी बसला. बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"अब्बा, मागच्या महिन्यात फैजपूरला गेलो होतो," तो म्हणाला. "कामाला. एका बागेत मोटर बसवायची होती. मालकाने चिठ्ठी दिली, नाव वाचलं नाही मी. तिथे गेल्यावर कळलं, अभिमन पाटलांची बाग."

मिस्तरींनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"त्यांनी मला ओळखलं नाही. नावसुद्धा विचारलं नाही. मोटर चालू झाली, पाणी आलं. तेव्हा खूष होऊन स्वतः केळीचा घड कापून आणला. त्यातली केळी तोडून माझ्या हातात देत होते. एकेक. बोलत होते काहीतरी, पावसाचं, केळीच्या दराचं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो, अब्बा. पाची बोटं. त्यांची नात तिथे होती, तिने त्यांचं एक बोट धरलं होतं."

शहजादीने मान वळवली.

"मी केळी तिथेच ठेवली. स्टँडकडे चालत निघालो आणि रस्त्यात थांबून रडलो. तुम्ही दाराशी उभे होतात त्या दिवशी. नाव सांग म्हणत होतात. मी आत होतो. मला सगळं ऐकू येत होतं."

मिस्तरींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरला होतास," ते म्हणाले.

"हो."

"मीही घाबरलो होतो."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. अमिनाबी चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. पदराने डोळे पुसले. नातवाला सुनेच्या कडेवरून घेतलं आणि नेऊन मिस्तरींच्या मांडीवर ठेवलं. एवढ्या वर्षांनंतर त्या नवऱ्याशी पहिलं बोलल्या ते असं : "नीट धरा. हा फार वळवळ करतो."

त्या दिवशी सगळे एकत्र जेवले. खाजा आई-वडिलांना जळगावला घेऊन गेला. पिंप्राळ्यात तेव्हा घरं विरळ होती, मागे मोकळी रानं, सकाळी दूधवाल्यांच्या सायकली. मिस्तरींना तिथे ओळख काही नव्हती. त्यांना ते बरंच वाटलं. कुणी जुना माणूस शोधत येई आणि बंदूक दाखवू लागे, तर ते बघायचे, दोष सांगायचे आणि परत करायचे. काडतुसांना त्यांनी पुन्हा हात लावला नाही. त्र्याहत्तर साल दुष्काळाचं होतं. विहिरी खोल करायला सुरुंगांची कामं निघाली आणि ठेकेदाराने खाजाला चांगलं काम देऊ केलं. खाजाने नाही म्हणून सांगितलं. वडिलांना विचारलंही नाही. कळलं तेव्हा मिस्तरी नुसते हं म्हणाले.

शेवटच्या वर्षी त्यांना दम्याने धरलं. अंथरुणाला खिळल्यावर अमिनाबी त्यांच्या उशाशी बसून पंखा हलवत असत. आता त्या पुष्कळ बोलत, गप्प राहिलेल्या वर्षांचं भरून काढायचं असल्यासारखं : मोहल्ल्याचं, नातवाचं, धुळ्याला बेबाबाईंच्या सुनेला झालेल्या जुळ्यांचं. पण त्या एका दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नव्हते. एका सकाळी, ऊन खाटेवर आलं असताना, त्यांनी पंखा थांबवला.

"एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी तसं बोलले. तरी तुम्ही वहाणा घालून निघालात. वाटेत तुम्हाला काय वाटलं?"

मिस्तरींना श्वास घ्यायला वेळ लागला.

"परत फिरलो होतो," ते म्हणाले. "पुलापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलो. तू ओट्यावर उभी होतीस. लांबून दिसलीस. वाटलं, जावं घरी. माझंच नाव सांगावं, जे होईल ते होईल."

"मग?"

"मग कुणाचा तरी हात आठवला. कुणाचा ते माहीत नव्हतं. असाच एक हात." त्यांनी डोळे मिटले. "नाव माहीत असतं तर सोपं गेलं असतं, अमिना. कुणासाठी चाललोय ते तरी कळलं असतं."

अमिनाबींनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावरून बोटं फिरवत बसल्या. बाहेर खाजा कामाला निघाला होता. जाण्याआधी त्याने खिडकीतून आत डोकावून विचारलं, "अब्बा, काही आणायचं का?"

"काही नको," मिस्तरी म्हणाले. "लवकर ये."